माझ्या घरावरची हरकत

दत्तू, तू घर घेतोयस म्हणालास म्हणून सांगतो, नाहीतर ही गोष्ट मी सहसा काढत नाही. म्हणजे काढतो, पण दुसऱ्याच्या नावावर खपवतो. आज सगळे आपलेच बसलेत, चहाचं दुसरं आधणही चढलंय, तेव्हा एकदा खऱ्या नावानं सांगून मोकळा होतो. त्या गोष्टीतलं गाढव मीच.

पहिलं घर घेताना काय काय करायचं ते तुला शंभर माणसं सांगतील. स्टांपाचा कागद आण, दोन साक्षीदार धर, चारी बाजूंच्या हद्दी नीट लिहून घे, आणि किल्ली हातात पडेपर्यंत पेढे वाटू नकोस. हे सगळं मला तोंडपाठ होतं. अहो, दुसऱ्यांना मीच सांगत फिरायचो. पण शेजारणीच्या म्हशीबद्दल कुणी म्हणून कुणी मला एक अक्षर बोललं नाही.

आता नीट पहिल्यापासून ऐका. मी मूळचा पानशेतचा. आमचा मुलूख इंग्रजांचा, आणि नोकरी लागली भोर संस्थानात, शाळामास्तर म्हणून. त्यामुळे भोरकरांच्या लेखी मी परका. सात वर्षं झाली तरी परकाच. भोरात आम्ही नवराबायकोनं ती सात वर्षं भाड्याच्या दीड खोलीत काढली. दीड म्हणजे एक खोली आणि जिन्याखालची जागा. त्या जिन्याखाली आमची मंडळी कमरेत वाकून स्वयंपाक करायची, आणि वरून घरमालकाचं कुणी खाली उतरलं की तव्यावरच्या भाकरीवर माती पडायची. न्हाणी म्हणाल तर परसात एक गोणपाट बांधलेलं. वारा सुटला की बायको आधी गोणपाट धरायची आणि मग तांब्या.

मी तिला सारखं म्हणायचो, "थांब, आपलं घर होऊ दे. तुला दगडी न्हाणी बांधून देतो."

ती म्हणायची, "द्या तवा द्या. आदी निस्तं सरळ हुभं ऱ्हायला छप्पर बगा."

आणि मग एक दिवस घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं. त्यानं गोड बोलून सांगितलं, मास्तर, महिनाअखेर जागा मोकळी करा. झालं. आता घर बघणं आलंच.

घर मिळालं ते रसूलभाई मणेरांचं. रसूलभाई म्हणजे बांगड्यांचे व्यापारी, म्हातारे गृहस्थ. भोरातल्या निम्म्या बायकांची मनगटं त्यांना ठाऊक. त्यांचा नातू माझ्या वर्गात होता, म्हणून माझ्यावर लोभ. आता ते फलटणला लेकाकडे कायमचे निघाले होते. घरावर एक अडत्या टपून बसला होता, त्याला धान्याचं गोदाम करायचं होतं. पण रसूलभाई मला म्हणाले, "मास्तर, घरात चूल पेटलेली बरी, पोती रचल्याली न्हाई बरी. घर तुमाला देतो. पर म्हैनाअखेरीला माजी गाडी सुटनार. तवर कागद झाला तर तुमचं, न्हाईतर मग अडत्याचं. मला थांबता येनार न्हाई."

यापेक्षा सरळ सौदा कुठं मिळतो?

घर बघायला गेलो तो दिवस मला अजून आठवतो. अंगात कोट, हातात काठी, खिशात सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ. तीन खोल्या, पुढं ओटी, मागं परस, परसात गोड्या पाण्याचा आड. आणि घराच्या मावळतीकडून एक मोकळा बोळ थेट परसापर्यंत आणि पुढं नदीपर्यंत गेलेला. तो बोळ बघितला आणि माझ्या डोळ्यांपुढं न्हाणी उभी राहिली.

रसूलभाई म्हणाले, "मास्तर, ह्या बोळाचं जरा आसं हाय की..."

मी म्हटलं, "बोळाचं माझ्यावर सोडा." आणि काठीनं भिंती ठोकत सुटलो. इथं दगड, इथं चुलाणं, इथं तांब्याचा बंब, इथून मोरी.

"व्हय, पर त्या बोळातनं..."

"रसूलभाई, मला बांधकामातलं कळतं."

म्हातारा तिसऱ्यांदा तोंड उघडणार, तेवढ्यात मी घड्याळ काढून बघितलं आणि शाळेची वेळ झाली म्हणून निघालो. शाळेला त्या दिवशी सुट्टी होती. पण घर घेणाऱ्या माणसानं जरा घाईत दिसावं, असं माझं मत होतं.

संस्थानात रीत अशी होती की घराचा सौदा ठरला की आळीत दवंडी पिटायची. अमक्याचं घर अमका घेतोय, कुणाची हरकत असेल तर महिनाअखेरच्या आत कचेरीत लेखी द्यावी. हरकत आली नाही तर खरेदीखत होणार. दवंडी झाली. मला काळजी काहीच नव्हती. रसूलभाईंना भाऊबंद नाहीत, घरावर बोजा नाही, हरकत घेणार कोण?

आता माझ्या व्यसनाबद्दल सांगायला हवं. तंबाखूचं असतं तर परवडलं असतं. मला व्यसन होतं दुसऱ्यांचे अर्ज लिहिण्याचं. बाजाराच्या दिवशी मी शाळेच्या ओट्यावर दौत-टाक घेऊन बसायचो. बांध कोरला, पाणी अडवलं, बोकड पळवला, काय वाट्टेल ते घेऊन या. पैसे घेत नव्हतो हो. वाहवा घेत होतो. लिहून झालं की मी तो अर्ज मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि बाजार सोडून माणसं ऐकायला जमायची. माझ्या अर्जाची एक खुबी होती. समोरचा माणूस काय काय पळवाटा काढील, त्या मी आधीच ओळखून अर्जातच बुजवून टाकायचो. समोरच्याला बोलायला जागाच उरायची नाही. कचेरीतला कारकूनसुद्धा म्हणायचा की मास्तरांचा अर्ज आला की समोरचा मेला.

तर असाच बाजाराचा दिवस. दुपारी एक म्हातारी आली. हातात काठी, पाठीवर गाठोडं, वय सत्तरीच्या पुढं. धोंडाबाई गुरव नाव. मी तिला कधी बघितलेलं नव्हतं.

"अर्ज लिवनारं मास्तर तुमीच का?"

"मीच. बसा आजी. काय झालं?"

"माजी वाट चालली, मास्तर."

"कुठली वाट?"

"तांबटाच्या घराच्या कडंची. चाळीस वर्सं त्या वाटंनं मी पानी आनती, माजी म्हस बी त्याच वाटंनं नदीवर जाती. आता चार दिस लेकीकडं भोंगवलीला काय गेले, तर मागं त्ये घर इकलं बी. आन घेनारा म्हनतोय वाट बंद."

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, तुम्हाला एवढं कळलं नाही? अहो, कसं कळणार? मी घेत होतो ते मणेराचं घर. त्या घरात कुणी तांबट साठ वर्षांपूर्वी राहून मेला होता, आणि भोरात एकदा घराला नाव पडलं की नंतर त्यात कुणीही राहो, नाव बदलत नाही. हे भोरच्या शेंबड्या पोराला ठाऊक. मी परका, मला ठाऊक नाही. बरं, खरेदीखताच्या मसुद्यात हद्दी लिहिल्या होत्या, त्यात मावळतीला म्हातारीच्या मेलेल्या सासऱ्याचं नाव होतं, विठू गुरव. गुरव काय, भोरात आळीआळीला आहेत.

मी टाक दौतीत बुडवला. "मालक कोण घराचा?"

"मालकाचं नाव नगा घालू. त्यो देवमानूस हाय, त्याला तरास नगं. घेनारा वंगाळ हाय."

"घेणारा कोण?"

"म्या न्हाई बगितला. समोरच्या सुंदरानं बगितला. कुनीतरी परका हाय, इंग्रजी मुलकातला. छाती फुगवून आला म्हनं. काठीनं भिती ठोकल्या. मालक बिचारा सांगाया जातोय तर त्याला बोलूच दीना. म्हनला, हितं दोन मजली माडी बांदतो."

न्हाणीची माडी झाली होती, बघा. सुंदराबाईंनी मजले वाढवले. माझं तिकडं लक्षच गेलं नाही. मला संताप आला होता. एका म्हाताऱ्या विधवेची पाण्याची वाट अडवून माडी बांधणारा हा कोण टिकोजीराव?

"आणखी काय करत होता तो?"

"दर घडीला खिशातलं घड्याळ काडून बगत हुता म्हनं. येळ कळत आसंल का देव जाने. निस्तं लोकास्नी दावायला."

मी माझं घड्याळ काढून वेळ बघितली, परत खिशात घातलं आणि म्हटलं, "आजी, असल्या लोकांना दिखाऊपणाचीच हौस फार."

मग मी लिहायला बसलो. दत्तू, मी आयुष्यात शेकड्यानं अर्ज लिहिले असतील, पण त्या दिवसासारखी लेखणी पुन्हा चालली नाही. ऐक, मधला भाग मला अजून पाठ आहे.

'सदरहू खरेदीदार हा परमुलखातील, आपमतलबी व गर्विष्ठ इसम असून, परोपकाराचे सोंग आणण्यात वाकबगार आहे. तो वाट सोडतो असे तोंडी म्हणेल; परंतु अशा इसमाचे तोंडी वचन ही पाण्यावरची रेघ समजावी. तो प्रतिष्ठित साक्षीदार आणील. त्यांस त्याने चहा पाजून आणिले आहे असे समजावे. तो आपल्या कुटुंबाची अडचण सांगून दया भाकील. परंतु एकाच्या अडचणीने दुसऱ्याचा हक्क बुडत नाही, हे हुजुरांस विदित आहेच.'

वाचून दाखवला तेव्हा ओट्यापुढं बाहेरगावची चाळीसेक माणसं होती. 'परोपकाराचे सोंग' ला एकानं मांडीवर थाप मारली. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं अंगठा उठवला, कागद कनवटीला खोवला आणि गाठोड्यातले भोंगवलीचे पावटे माझ्यापुढं ओतले. नको नको म्हणत घेतले.

संध्याकाळी जिन्याखाली त्या पावट्यांची आमटी झाली. आमच्या मंडळींनी विचारलं, "कुनी दिलं?" मी सगळी हकीकत सांगितली.

ती म्हणाली, "बिचारी म्हातारी. त्या मेल्याला चांगला खडसावलासा का न्हाई?"

मी म्हटलं, "असा खडसावलाय की कचेरीत तोंड वर काढायचा नाही."

आमटी फार छान झाली होती. मी दोनदा वाढून घेतली.

महिनाअखेर आली. खरेदीखताचा दिवस. रसूलभाईंची गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे सुटायची होती, सामान बांधून तयार. आमचंही सामान बांधून तयार, कारण घरमालकाकडे मांडववाले येऊन बसले होते. शाळेतले दोन सोबती साक्षीला घेतले, वाटेत त्यांना चहा पाजला. आमची मंडळी नवं लुगडं नेसून, दुधाची चरवी घेऊन कचेरीच्या आवारात झाडाखाली बसली. किल्ली मिळाली की तडक जाऊन नव्या घरात दूध उतू घालायचं, असा बेत. आणि हो, पेढेही आणले होते. दुसऱ्याला सांगणं वेगळं आणि स्वतः पाळणं वेगळं.

अडत्या तिथंच ओसरीवर बसला होता. लग्नाला आल्यासारखा खुशीत.

कारकुनानं कागद चाळले, माझ्याकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे बघितलं आणि म्हणाला, "मास्तर, हरकत आलीय."

"माझ्या घरावर?"

"तुमच्याच."

मामलेदारसाहेब वयस्क, मितभाषी गृहस्थ होते. ते म्हणाले, वाचा. कारकून वाचायला लागला.

पहिली दोन वाक्यं ऐकून मला वाटलं, वा, लिहिणारा तयारीचा दिसतोय. तिसऱ्या वाक्याला वाटलं, हे कुठंतरी ऐकलंय. चौथ्या वाक्याला एक चमत्कार झाला. कारकून वाचायच्या आधी पुढचं वाक्य माझ्या ओठांवर यायला लागलं. 'परोपकाराचे सोंग आणण्यात' असं तो म्हणाला आणि 'वाकबगार' मी म्हणालो. मोठ्यानं.

साहेबांनी मान वर केली. "मास्तर, तुम्हाला हा अर्ज ठाऊक आहे?"

मी म्हटलं, "जरा जरा."

कारकुनानं कागद माझ्यापुढं धरला. माझं अक्षर. माझी वेलांटी. खाली धोंडाबाईचा अंगठा. मी बसलो असतो, पण खुर्ची नव्हती.

"अर्जदार हजर आहे का?"

होती ना. काठी टेकत आली. मला बघितलं आणि तिचं तोंड फुललं. "मास्तर, तुमी आलासा? लई बेस झालं. माजा जीव निस्ता घाबरा झाला हुता. आता तुमीच बोला माज्या वतीनं."

रसूलभाई दाढीत हसत होते. साक्षीदार छताकडे बघायला लागले. साहेब शांतपणे म्हणाले, "बोला मास्तर. अर्जदाराच्या बाजूनं बोलणार की खरेदीदाराच्या?"

म्हातारीनं इकडंतिकडं बघितलं. "खरीददार कुटं हाय? मला बगायचाय त्यो."

शेवटी मीच छातीवर हात ठेवला. "मीच तो, आजी."

तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. काठी बघितली. कोट बघितला. घड्याळाची साखळी बघितली. मग अगदी प्रेमानं, खरंच नवल वाटून म्हणाली, "आगं बया. मंग सोताबद्दल येवडं खरं कसं काय लिवलंसा?"

कचेरी हसली, दत्तू. अडत्या हसला, पट्टेवाला हसला, साहेबांनी रुमाल तोंडाला लावला. हसले नाहीत दोघं. एक मी आणि एक ती म्हातारी. तिला ती स्तुती वाटत होती.

पण हसून प्रश्न सुटतो का? साहेब म्हणाले, हरकत लेखी आहे, उत्तरही लेखी पाहिजे. ते आज पटलं तर कागद आज होईल. न पटलं तर चौकशी, पंचनामा, महिना-दीड महिना. कचेरी सुटायला दोन तास होते. रसूलभाई म्हणाले, "सायेब, मला थांबता येत न्हाई." अडत्या ओसरीवरून म्हणाला, "मी हरकतीसकट घेतो. कज्जे लढायची आपल्याला सवय हाय." म्हणजे दोन तासांत उत्तर लिहिलं तर घर माझं, नाहीतर गोदाम. आणि आमचा बाडबिस्तरा कुठं न्यायचा, हे देवालाही ठाऊक नाही.

मी पायरीवर बसलो आणि उत्तर लिहायला घेतलं. पहिलं वाक्य लिहिलं, 'मी वाट सोडण्यास तयार आहे.' आणि आठवलं, तोंडी वचन म्हणजे पाण्यावरची रेघ. खोडलं. लिहिलं, 'माझ्या सचोटीबद्दल हे दोन सद्गृहस्थ ग्वाही देतील.' दोघेही मिशीवरची साय पुसत होते. चहा पाजून आणिले आहे असे समजावे. खोडलं. मग मन घट्ट करून जिन्याखालच्या चुलीचं लिहिलं, भाकरीवर पडणाऱ्या मातीचं लिहिलं. माझं मलाच भरून आलं. आणि आठवलं, एकाच्या अडचणीने दुसऱ्याचा हक्क बुडत नाही. तेही खोडलं.

तुम्हाला सांगतो, वैऱ्याशी भांडता येतं. पण मी जिथं जिथं पाय टाकावा तिथं आधीच मी खड्डा खणून ठेवलेला. एक तास गेला. कागद नुसता काळा झाला होता. तोपर्यंत मला स्वतःची लाज वाटायला लागली होती, आणि ती अर्जाची नव्हती. सुंदराबाईचा दुसरा मजला सोडला, तर त्यात खोटं काय होतं? रसूलभाई तीनदा सांगायला आले होते. मी ऐकून घेतलं नाही.

तेवढ्यात आमची मंडळी झाडाखालून उठून आली. तिला सगळं कळलं होतं. मला वाटलं आता माझी खरी चौकशी होणार. ती म्हणाली, "अवो, त्यो पावट्यांचा मेला तुमीच का?"

मी मान हलवली.

"मंग त्या म्हातारीला वाट खरीदखतातच लिवून द्या की. स्टांपावर. मंग ती पान्यावरची रेघ कशी हुईल?"

मी म्हटलं, "आणि तुझी न्हाणी?"

"न्हानी कुटं बी हुईल. घर कुटं बी हुनार न्हाई."

सात वर्षं मी दुसऱ्यांच्या पळवाटा शोधत होतो, आणि माझ्या अर्जात राहिलेली एकुलती एक वाट अक्षरओळख नसलेल्या माझ्या बायकोला दिसली. उठलो आणि आत गेलो. साहेबांनी ऐकलं, रसूलभाईंना विचारलं. ते म्हणाले, "सायेब, वाट तिचीच हाय. म्या तर पयल्या दिवशीच सांगनार हुतो."

धोंडाआजीला विचारलं, तर ती म्हणाली, "लिवून देत आसतील तर माजी हरकत न्हाई. पर त्ये मास्तरांच्याच हातनं लिवा. त्यांचं लिवल्यालं कुनाला मोडता येत न्हाई."

आता बघा हं. त्या क्षणी मी चार ओळी लिहून गप्प बसायला हवं होतं. पण आख्खी कचेरी माझ्या हाताकडे बघत होती. अडत्याचा चेहरा उतरला होता. साहेब म्हणाले, "होऊ द्या मास्तर, तुमच्या पद्धतीनं." आणि लेखणी हातात आली की मला राहवत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. मी स्टांपावर कलम घातलं. 'सदरहू वाट अर्जदार, तिचे वारस व वारसांचे वारस यांस, मनुष्य व जनावरांसह, दिवसा व रात्री, भरल्या व रिकाम्या घागरीने, निरंतर मोकळी राहील; म्हैस एक असो वा अनेक, दुभती असो वा भाकड; आणि खरेदीदाराने वा त्याच्या वंशजाने कोणतीही सबब सांगून सदरहू वाट हातभरही हलविल्यास ती सबब आधीच फेटाळली आहे असे समजावे.'

वाचून दाखवलं. म्हातारीनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

सह्या झाल्या, रसूलभाईंचा अंगठा झाला, शिक्का बसला. कचेरी सुटायच्या घंटेला अजून अवकाश होता. अडत्या आपली चप्पल शोधत होता, त्याला मी स्वतः पेढा दिला. त्यानं तो खाल्ला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. रसूलभाईंनी किल्ली माझ्या हातात न देता आमच्या मंडळींच्या हातात दिली. म्हणाले, "पोरी, घर तुजं."

उन्हं कलताना दार उघडलं. चुलीवर दूध ठेवलं, ते उतू गेलं. आणि बायको त्या स्वयंपाकघरात नुसती ताठ उभी राहिली. हात वर करून तुळईला लावून बघितला, पोचत नव्हता. सात वर्षांत मी तिला चुलीपुढं ताठ उभी बघितलीच नव्हती. ती हसायला लागली आणि मला रडू आलं. त्यात लाज कसली? गावाकडे आमच्या सात पिढ्या कुडाच्या घरात गेल्या. स्टांपावर शिक्क्यानिशी ज्याचं घर झालं, असा मी आमच्यातला पहिलाच. अर्जात मला कुणी काहीही म्हटलेलं असो, मी त्या दिवशी भोरच्या आळीत राजासारखा फिरलो. आणि म्हातारीनं संध्याकाळी पाण्याची पहिली घागर आमच्याच ओटीवर आणून ठेवली. शेजार पुढंही तसाच राहिला, सख्ख्या आईसारखा.

एवढ्यावर संपलं असतं तर काय हवं होतं? पण गेल्या वर्षी थोडे पैसे हाताशी आले आणि न्हाणी पुन्हा डोक्यात शिरली. मोरीला उतार होता तो त्या बोळातच. वाट बंद करायची नव्हती हो, नुसती दोन हात पलीकडे सरकवायची. म्हातारी म्हणाली, सरकवा की, माझं काय जातंय. पण नंतर तिचे जावई, नातू, वारसांचे वारस. कागद पक्का असलेला बरा. म्हणून खरेदीखत घेऊन मी पुण्याला एका नाणावलेल्या वकिलांकडे गेलो. त्यांनी ते कलम एकदा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "मास्तर, ही वाट ब्रह्मदेव आला तरी बोटभर हलायची नाही. अशी बांधणी मी तीस वर्षांत पाहिली नाही. हे कलम लिहिणारा माणूस कोण? त्याला माझ्याकडे पाठवून द्या, दुप्पट पगार देतो."

मी म्हटलं, "त्याला सवड नाही. सकाळी तो उघड्यावर अंघोळ करतो आणि मधेच उठून म्हशीला वाट देतो."